वारा मोजणारी तबकडी

राब भाजून झाले, भात पेरले की शहापूर-मुरबाडकरांचे डोळे पश्चिमेकडे लागतात. माहुली आणि माळशेजच्या डोंगरांना अडून बरसणारे बाष्प अरबी समुद्रावरून नैऋत्य मोसमी वारे आणतात. त्या वाऱ्याने नेट धरला तर आवणी वेळेवर होते आणि मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा धरणेही भरू लागतात.

पण भर समुद्रात वारा मोजणार कोण? जहाजे आपल्या ठरावीक मार्गांनीच जातात, तरंगत्या वेधशाळाही मोजक्याच. हे काम करणारे भारतीय उपकरण २३ सप्टेंबर २००९ रोजी श्रीहरिकोट्याहून ओशनसॅट-२ उपग्रहासोबत अंतराळात गेले. ते स्कॅटरोमीटर इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने घडवले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये असेच काम करणाऱ्या अमेरिकेच्या क्विकस्कॅट उपग्रहाची फिरती तबकडी बंद पडली, तेव्हा जगभरच्या हवामानतज्ज्ञांनाही ओशनसॅट-२चा आधार झाला.

७२० किलोमीटर उंचीवरून या यंत्राला वारा दिसत नाही; दिसते ते खडबडीत झालेले पाणी. साधारण मीटरभर व्यासाची तबकडी मिनिटाला सुमारे वीस फेरे घेत समुद्राकडे तिरपे रडार स्पंद सोडते. त्यांची तरंगलांबी जेमतेम २.२ सेंटीमीटर. वाऱ्याने पाण्यावर उठवलेल्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या लहरींवरून त्यांचा काही अंश परततो. वारा जोराचा, तर परतणारा संकेतही मोठा.

दिशा ओळखणे अवघड. एकाच बाजूने पाहिले तर वेगवेगळ्या दिशांचे वारे सारखाच संकेत देऊ शकतात. म्हणून तबकडीतून दोन शलाका निघतात आणि उपग्रह पुढे सरकताना समुद्राचा बराचसा भाग पुढून-मागून चार वेळा न्याहाळला जातो. तरीही एकाहून अधिक उत्तरे उरतात. शेजारच्या वाऱ्यांशी ताडून त्यांतले एक निवडावे लागते.

गंमत अशी की, पावसाचा माग काढणारे हे यंत्र मुसळधार पावसातच चुकते. थेंब संकेत शोषतात, विखुरतात, शिवाय पाण्यावर आदळून नव्या लहरी उठवतात. किनाऱ्यालगत जमिनीचा प्रतिध्वनी मिसळतो, आणि घाटातला वारा तर त्याच्या आवाक्याबाहेरच.

२०१४ मध्ये ओशनसॅट-२चे स्कॅटरोमीटर थांबले. २०१६ मध्ये स्कॅटसॅट-१ आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी ईओएस-०६, म्हणजे ओशनसॅट-३, त्या कामासाठी कक्षेत गेले. अशा नोंदी हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत भरल्या जातात आणि पुढच्या काही दिवसांच्या पावसाचे गणित त्यांवरून मांडले जाते. शहापूरच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या अंदाजात समुद्रावरच्या या मोजणीचाही वाटा असतो.