किती तापायचं, हे टोकालाच ठाऊक

तांब्याच्या पट्टीवर वितळलेल्या कथिलाचा थेंब टेकला, की पहिल्या एक-दोन सेकंदांत तिथे एक तिसराच पदार्थ तयार होतो. सहा अणू तांब्याचे, पाच कथिलाचे, असं त्याचं ठरलेलं प्रमाण. या थराची जाडी एखाद-दोन मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. मोबाइल, टीव्ही, इन्व्हर्टर, गाडीचा ईसीयू, सगळ्यांचे जोड अशाच थराच्या जिवावर तग धरून असतात. थर बनलाच नाही तर सोल्डर नुसतं वर बसून राहतं आणि थोड्या दिवसांत ‘ड्राय सोल्डर’ची तक्रार घेऊन सेट परत येतो. सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवून ठेवलं तर थर जाड होतो आणि जोड ठिसूळ बनतो.

म्हणून सोल्डरिंग स्टेशन घ्यायला निघालेल्या माणसानं “हे किती डिग्रीपर्यंत जातं?” या प्रश्नावर अडू नये. 63 टक्के कथिल आणि 37 टक्के शिसं असलेलं जुनं सोल्डर 183 अंश सेल्सिअसला वितळतं. गंमत अशी की एकटं कथिल 232 ला वितळतं आणि एकटं शिसं 327 ला. दोघं एकत्र आली की दोघांच्याही खाली उतरतात. युरोपीय संघानं 1 जुलै 2006 पासून शिशावर निर्बंध आणले, तेव्हापासून कारखान्यातल्या बोर्डांवर बहुतेक कथिल, चांदी आणि तांब्याचं मिश्रण असतं. ते 217 ते 220 अंशांना वितळतं. 350 अंश तर कुठलंही आयर्न गाठतं. खरी परीक्षा होते ती टोक बोर्डाला टेकल्यावर.

मदरबोर्डच्या पोटात तांब्याचे सलग पत्रे असतात, ग्राउंडचे. कॅपॅसिटरचा एक पाय त्या पत्र्याला जोडलेला असतो. तिथे टोक टेकवलं की तांबं उष्णता ओढून घेत दूरवर पसरवतं. दुसरा पाय चुटकीसरशी सुटतो, हा मात्र हलत नाही. साध्या स्टेशनमध्ये हीटर सिरॅमिकचा असतो आणि बिट, म्हणजे टोकाचा सुटा भाग, त्याच्यावर टोपीसारखी चढवलेली असते. दोघांमध्ये हवेची बारीक फट, आणि तापमान मोजणारा सेन्सर हीटरपाशी. त्यामुळे डिस्प्ले 350 दाखवत राहतो आणि टोक कितीतरी खाली घसरलेलं असतं. कारागीर मग डिग्री वाढवतो. त्यानं धातूवरचा ऑक्साइड काढणारा फ्लक्स जळतो, पट्टी बोर्डावरून सुटते आणि पाय तसाच राहतो.

यावर जी उत्तरं शोधली गेली, ती वाचताना मला प्रत्येक वेळी हरखून जायला होतं. वेलर कंपनीच्या ‘मॅग्नास्टॅट’ आयर्नमध्ये तापमानाची कळही नव्हती आणि इलेक्ट्रॉनिक सेन्सरही नव्हता. बिटच्या मागच्या टोकाला एका चुंबकीय मिश्रधातूचा छोटा तुकडा बसवलेला. थंड असताना आतला चुंबक त्याच्याकडे ओढला जातो आणि स्विच लागतो. प्रत्येक चुंबकीय धातूचं एक तापमान ठरलेलं असतं, पिएर क्युरीच्या नावानं ओळखलं जाणारं. ते ओलांडलं की त्याचं चुंबकत्व नाहीसं होतं. शुद्ध लोखंडासाठी ते 770 अंश. मिश्रधातू असा निवडायचा, की ही सीमा आपल्याला हव्या त्या अंशावर येईल. ती आली की स्प्रिंग चुंबकाला मागे खेचते आणि वीज तुटते. बिटच्या बुडावर 7 कोरलेलं असेल तर 700 फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 370 सेल्सिअस. तापमान बदलायचं तर बिट बदलायची!

मेटकल कंपनीनं हीच कल्पना आणखी पुढे नेली. तांब्याच्या गाभ्यावर चुंबकीय धातूचा पातळ थर, आणि त्यातून 13.56 मेगाहर्ट्झचा प्रवाह. इतक्या वेगानं उलटसुलट होणारी वीज धातूच्या वरच्या कातडीतूनच वाहते, म्हणून तो थर तापतो. क्युरीचा अंश आला की थर अचुंबकीय होतो, प्रवाह आत तांब्यात शिरतो आणि तापणं जवळजवळ थांबतं. टोकानं थंड जोडाला स्पर्श केला की तेवढाच भाग पुन्हा चुंबकीय होऊन उष्णता मागून घेतो. निर्णय घेणारा कुणी नाही, धातूच स्वतःला आवरतो.

आज आपल्याकडे सहज मिळणारी वाट म्हणजे कार्ट्रिज बिट: हॅकोची टी12, जेबीसीची सी245 आणि त्या मापाच्या इतर. हीटर, सेन्सर आणि टोक एकाच नळीत गच्च. टी12 मध्ये हीटर आणि थर्मोकपल एकामागोमाग एकाच तारेत असतात. कंट्रोलर क्षणभर वीज थांबवतो, त्या तारेवर उमटलेले काही मिलिव्होल्ट वाचतो, त्यावरून टोकाचं तापमान ठरवतो आणि पुन्हा वीज सोडतो. दोन धातूंच्या सांध्याला ऊब दिली की वीज निर्माण होते, हा शास्त्रज्ञ झेबेकचा 1821 चा शोध. तो आज या नळीत अखंड राबतो आहे. असं टोक काही सेकंदांत तयार होतं, आणि ग्राउंडच्या पायाशीही हार मानत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पैसे मोजकेच असतील तर ते आधी इथे घाला. बिटही सुईसारखी टोकदार घेऊ नका, तिरकी कापलेली किंवा छिन्नीच्या आकाराची घ्या. जोडाला भिडणारं क्षेत्र मोठं तितकी उष्णता लवकर पोचते. तिच्यावरचा लोखंडाचा मुलामा कानशीनं घासू नका. आतलं तांबं वितळलेल्या कथिलात विरघळतं, म्हणून तर तो मुलामा दिलेला असतो.

फ्लक्सचं काम ज्यांनी दारात कल्हई होताना पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडला, पांढरा धूर उठला, की कथिल झर्रकन पसरतं, कारण नवसागरानं धातूवरचा ऑक्साइड खाल्लेला असतो. बोर्डावर तेच काम पाइनच्या झाडाची राळ करते. नवसागर किंवा आम्लाचा फ्लक्स मात्र बोर्डाला लावू नये, मागे राहिलेला अंश पट्ट्या कुरतडतो. राळेचा धूरही दम्याला आमंत्रण देतो, तेव्हा पंखा तोंडापासून दूर ओढणारा हवा. शिशाच्या सोल्डरला हात लावला असेल तर जेवणाआधी हात धुवा.

आता हॉट एअर, म्हणजे तापलेल्या हवेच्या झोतानं सोल्डर वितळवणारं यंत्र. हवा उष्णतेची फार वाईट वाहक, तांब्याहून सुमारे पंधरा हजार पटीनं. म्हणून 217 ला वितळणाऱ्या सोल्डरसाठी हवा 350 ते 400 अंशांवर ठेवावी लागते, आणि डिग्रीइतकाच तिचा झोतही महत्त्वाचा ठरतो. पंखा हँडलमध्येच असलेली यंत्रं हलकी आणि स्वस्त. छोट्या आयसींना पुरतात. लॅपटॉपच्या बोर्डावर त्यांचा दम तोकडा पडतो. तिथे पेटीत दमदार ब्लोअर असलेलं, 1000 वॉटच्या घरातलं यंत्र घ्यावं, आणि खालून बोर्ड ऊबदार ठेवणारा प्रीहीटर असेल तर सोन्याहून पिवळं. हँडल स्टँडवर ठेवलं की तापणं आपोआप थांबतं, कारण स्टँडमध्ये चुंबक असतो आणि हँडलमध्ये त्यानं चालणारा रीड स्विच. पंखा मात्र फिरतच राहतो. तो स्वतःहून थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण बंद करू नका, नाहीतर हीटरची उरलेली धग हँडलच्या प्लॅस्टिकमध्ये शिरते.

या झोताखाली जे घडतं ते एकदा भिंगातून पाहाच. आयसी थोडी तिरकी ठेवलेली असते. फ्लक्स पातळ होतो, सोल्डर निस्तेज राखाडीवरून एकदम आरशासारखं लखलखतं, आणि आयसी आपण होऊन सरकते आणि नेमकी जागेवर बसते. चिमट्यानं हलकंच ढकललं तर परत येते. वितळलेल्या कथिलाचा पृष्ठताण पाण्याच्या कितीतरी पट असतो. प्रत्येक पायाखालचा थेंब आपला पृष्ठभाग कमीत कमी करू पाहतो आणि सगळे मिळून चिप मधोमध ओढून आणतात. झोत जास्त ठेवला तर मात्र शेजारचे 1 मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद रेझिस्टर उडून जातात. दमट हवेत पडून राहिलेल्या आयसीच्या पोटातलं पाणी वाफ होऊन तिला तडकवतं, म्हणून तापवायचं ते हळूहळू.

आयर्न आणि हॉट एअर एकाच पेटीत असलेलं यंत्र मोहात पाडतं. मी दोन वेगळी यंत्रं घ्या म्हणेन. जोडयंत्रात बहुतेकदा आयर्न जुन्या टोपीच्या पद्धतीचंच असतं, आणि एक भाग बिघडला तरी पूर्ण पेटी दुरुस्तीला जाते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत यंत्र बघायला जाल तेव्हा खिशात मल्टीमीटर असू द्या. स्थिर विजेचा झटका आपल्याला जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टला, नाजूक चिप त्याच्या कितीतरी खाली मरते. आणि ती वीज जमिनीत सोडणारी अर्थिंगची तार स्वस्त नकलांमध्ये कधीकधी नुसती लोंबत असते. यंत्र बंद आणि थंड असताना मल्टीमीटरची एक तार प्लगच्या जाड पिनेला लावा, दुसरी सोल्डरनं माखलेल्या टोकाला, आणि मग हॉट एअरच्या धातूच्या नळीला. आकडा एक-दोन ओहमच्या आसपास यायला हवा. तो आलाच नाही, तर ते यंत्र दुकानातच ठेवून या.