गिअरबॉक्समधील पितळी कडे

प्रवासी व्हॅनसाठी निघालेल्या नव्या डिझेल इंजिनांविषयी आणि गिअरबॉक्सविषयी काही लिहावे, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा वऱ्हाडांना, शाळेच्या मुलांना आणि अष्टविनायकाच्या यात्रेकरूंना इतकी वर्षे वाहून नेणारी टेम्पो ट्रॅव्हलर प्रथम डोळ्यांपुढे आली. तिचा दप्तरी इतिहास थोडक्यात सांगता येतो. नवलमल फिरोदिया यांनी जर्मनीतील हॅम्बुर्गजवळच्या टेम्पो कारखान्याशी करार करून १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी स्थापन केली. पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला, रस्त्यांवर मॅटाडोर आली, डायम्लर-बेंझच्या सहकार्याने ‘ओएम ६१६’ हे डिझेल इंजिन येथे तयार होऊ लागले आणि १९८७ साली मर्सिडीजच्या व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर बाजारात आली. २००५ पासून कंपनीचे नाव फोर्स मोटर्स असे आहे.

मर्सिडीजच्या ‘२४० डी’ या मोटारीसाठी १९७३ साली योजलेले हे ओएम ६१६ इंजिन चार सिलिंडरांचे आणि २.४ लिटरचे होते, आणि त्याची मूळ शक्ती ६५ अश्वशक्तीच्या घरात होती. त्यात इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता शेजारच्या एका लहान पूर्वकक्षात फवारले जाई, तेथे ते अर्धवट पेटे आणि मग बारीक छिद्रांतून उसळून मुख्य कक्षात जाई. प्रॉस्पर लोरांज या अभियंत्याने १९०९ साली बेंझ कंपनीत असताना पेटंट घेतलेली ही युक्ती ज्वलन सौम्य ठेवीत असे. मात्र कक्षाच्या भिंतींत उष्णता वाया जाई, आणि गार इंजिन सुरू करण्यापूर्वी हीटर प्लग तापण्याची वाट पाहावी लागे. १९९७ साली मर्सिडीजच्या ‘ओएम ६११’ इंजिनाने कॉमन रेल पद्धती स्वीकारली, म्हणजे प्रचंड दाबाखाली एका नळीत साठविलेले डिझेल विजेच्या आज्ञेने उघडणाऱ्या इंजेक्टरमधून थेट सिलिंडरात फवारले जाऊ लागले. फोर्स मोटर्सच्या आजच्या अर्बानिया या मोठ्या व्हॅनमध्ये २.६ लिटरचे कॉमन रेल इंजिन ११५ अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क देते. जुन्या २४० डीचा टॉर्क १३७ होता.

हा आकडा वाचून मी इंजिनाचीच अधिक चौकशी करणार होतो. परंतु भोसरीच्या बाजूला गिअरबॉक्सचेच काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो आणि तेथेच रमलो. त्यांच्या बाकावर तेलाने काळवंडलेला एक गिअरबॉक्स उघडून ठेवलेला होता. त्यांनी त्यातून एक कडे काढून माझ्या तळहातावर ठेवले. पितळी रंगाचे, आतून शंकूसारखे निमुळते, आतल्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा आणि बाहेर लहान दात: कारागीर याला सिंक्रो रिंग म्हणतात. चालक क्लच दाबून गिअर बदलतो तेव्हा सरकणारी बाही या कड्याला गिअरच्या शंकूवर दाबते. रेघा मधले तेल कापून दूर सारतात, पृष्ठभाग एकमेकांना धरतात आणि दोन वेगांतील फरक घर्षणाने मावळू लागतो. तो पुरता मावळेपर्यंत कड्याचे दात किंचित वळलेले राहून बाहीची वाट अडवितात, आणि वेग समान होताच आपोआप बाजूला होऊन तिला आत जाऊ देतात. घाई करणाऱ्या चालकाला त्याच्याही नकळत थांबविणारे हे कडे हाती घेऊन पाहताना, त्याची योजना करणाऱ्या बुद्धीविषयी माझ्या मनात निखळ आदर दाटून आला.

“साहेब, मोडलेला दात डोळ्यांना दिसतो, मेलेली रिंग हाताला कळते,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी कडे शंकूवर दाबून पिळले. ते चिकटले तर ठीक, निसटले तर रेघा झिजल्या असे समजायचे. त्यानंतर फीलर गेज घेऊन त्यांनी कडे आणि गिअर यांतील फट मोजली; कडे झिजते तसतशी ही फट घटत जाते.

इंजिनाचा टॉर्क वाढतो, तेव्हा तो पेलण्यासाठी क्लच प्लेट मोठी करावी लागते, आणि गिअर बदलताना तिच्या वाढलेल्या जडत्वाला आवर घालण्याचे काम याच कड्याकडे येते. म्हणूनच अनेक नव्या गिअरबॉक्सांत, विशेषतः खालच्या गिअरांसाठी, दोन किंवा तीन शंकूंची सिंक्रो योजना असते. शिवाय कमी फेऱ्यांत जोराने ओढणाऱ्या इंजिनाचे हिसके गिअरपर्यंत पोहोचू नयेत, यासाठी काही गाड्यांत दोन वस्तुमानांचे फ्लायव्हील बसवितात, आणि ते खराब झाले की मालकाला मोठा भुर्दंड पडतो.

अडचणी येथून सुरू होतात. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराविषयीची बीएस-६ मानके अमलात आली, आणि देशाने पाचवी पायरी वगळून चौथीवरून एकदम सहावी गाठली. डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली, ही हवेच्या दृष्टीने मोठी प्राप्ती आहे, आणि तिच्याविषयी कुरकुर करणे मला मान्य नाही. परंतु धुराच्या नळीत बसविलेल्या गाळणीत काजळी साठते, आणि ती जाळून टाकण्यास धूर पुरेसा तापावा लागतो. त्यासाठी गाडी काही काळ सलग चांगल्या वेगाने धावावी लागते. पुणे-नाशिक मार्गावर धावणाऱ्या व्हॅनला हे सहज साधते. सकाळी थांबत थांबत मुले गोळा करणाऱ्या शाळेच्या गाडीला साधत नाही. पुष्कळ इंजिनांना युरियाचे द्रावणही लागते. ते संपले तर संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो किंवा ते पुन्हा सुरूच होऊ देत नाही.

मिस्त्रींनी कबूल केले की, नव्या गाडीचा गिअरबॉक्स ते आजही निःशंकपणे उघडतील. मात्र काजळीच्या गाळणीचा दिवा लागला की, स्कॅनर त्यांच्यापाशी नसल्याने, त्यांना गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवावे लागते. त्यांच्या हाताखाली शिकणारा पुतण्या स्कॅनर विकत घेण्याच्या विचारात आहे, पण त्यावर उमटणारा प्रत्येक संदेश इंग्रजीत असतो आणि कंपन्यांचे तपशीलवार दुरुस्ती-दस्तऐवज बाहेरच्या कारागिरांच्या हाती सहजी पडत नाहीत. ही नवी इंजिने बनविणाऱ्या कारखान्यांनी आपली दुरुस्ती-पुस्तके मराठीत छापून अशा कारागिरांना वाजवी किमतीत द्यावीत आणि काजळीची गाळणी व इंजेक्टर यांची तालीम त्यांच्यासाठी खुली करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.