कंदिलाच्या काचेपासून एलईडीच्या टोपीपर्यंत

पुण्यात १९६७ साली शालेय पाठ्यपुस्तकं काढणारी 'बालभारती' स्थापन झाली, तेव्हा राज्य विद्युत मंडळ जेमतेम सात वर्षांचं होतं. खेड्यापाड्यांतली संध्याकाळ म्हणजे कंदिलाची काच राखेने पुसायची वेळ. काच लख्ख करायची, वातीचं जळकं टोक कातरायचं, रॉकेल भरायचं. ही कामं बहुतेक घरांत पोरांकडेच असत. वात जास्त वर चढवली तर काच काजळते आणि रॉकेल आटलं की ज्योत मंदावत जाते, हे त्यांना हातानेच कळलेलं असे. अशा मुलांना दिवा मानवनिर्मित आहे आणि उजेडासाठी काहीतरी जळतं, हे गुरुजींनी वेगळं सांगायची गरज नव्हती. फळ्यावर नैसर्गिक आणि मानवनिर्मित प्रकाशस्रोतांचे दोन रकाने पाडायचे, नावं भरायची, की धडा संपला.

पिवळ्या बल्बने त्यातलं थोडं झाकलं, तरी बरंच उघडं ठेवलं. काचेतून टंगस्टनची तार दिसे, हात लावला तर चटका बसे. बल्ब 'उडाला' की तो कानाशी धरून हलवायचा आणि तुटलेल्या तारेची बारीक खुळखुळ ऐकायची, ही घरगुती तपासणी लहान मुलंही करत. ट्यूबलाइट निदान स्टार्टर फडफडवून आपण पेटत असल्याची वर्दी द्यायची.

मग एलईडी आला. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २०१५ च्या जानेवारीत सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून स्वस्त एलईडी दिवे घरोघर पोहोचले. विजेची बचत मोठी झाली, यात वादच नाही. पण दुधी टोपीआड काय चाललंय, ते सहा वर्षांच्या पोराला दिसायची सोय राहिली नाही. तार नाही, ज्योत नाही, टोपीला चटकाही नाही. उजेड मिळणं जितकं सोपं होत गेलं, तितका हा धडा शिकवायला अवघड होत गेला, असंच म्हणावं लागतं.

एक अडचण मात्र कंदिलाच्या काळापासून जशीच्या तशी आहे. ती चांदोबाची. पाठांतरात सूर्य, चंद्र, तारे एका दमात येतात आणि चंद्र आपोआप प्रकाशस्रोतांत जाऊन बसतो. यात मुलांचा दोष नाही. १९८५ साली रोझालिंड ड्रायव्हर आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या 'चिल्ड्रन्स आयडियाज इन सायन्स' या पुस्तकात एदित गेन यांनी मुलांच्या प्रकाशाविषयीच्या कल्पना तपासल्या. मुलांच्या लेखी प्रकाश म्हणजे एकतर खुद्द दिवा, नाहीतर भिंतीवर पडलेला उजळ पट्टा. दोहोंच्या मधून काही प्रवास करतं, हे त्यांच्या गावीही नसतं. ज्याला हा प्रवास ठाऊक नाही, त्याला 'चंद्र परप्रकाशी आहे' हे वाक्य पाठ होईल, पटणार कसं?

इथे बुटांचं रिकामं खोकं कामाला येतं. आत चेंडू ठेवायचा, झाकण घट्ट लावायचं आणि डोळ्यापुरत्या भोकातून बघायचं. काहीच दिसत नाही. 'थांबा, डोळे सरावले की दिसेल,' असं ठामपणे सांगणारी मुलं हमखास निघतात. त्यांना खुशाल थांबू द्यावं. मग बाजूला दुसरं भोक पाडून टॉर्चचा झोत आत सोडला की चेंडू उजळतो. टॉर्च बंद, चेंडू गायब. चंद्र हा असाच चेंडू आणि सूर्य त्याचा टॉर्च.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी 'चंद्रयान-३' चंद्रावर उतरताना लाखो मुलांनी पडद्यावर पाहिलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे सूर्य मावळायला आला आणि सौरऊर्जेवर चालणारे 'विक्रम' लँडर आणि 'प्रज्ञान' रोव्हर इस्रोने निद्रावस्थेत ठेवले. चंद्रावरची रात्र आपल्या सुमारे चौदा दिवसांची. ज्या चंद्राचा उजेड आपल्या अंगणात पडतो, त्याच चंद्रावर उभ्या असलेल्या यानाला उन्हाअभावी झोपावं लागलं, ही गोष्ट चौथीच्या मुलांना चटकन कळते. बाजारातल्या कित्येक रंगीत तक्त्यांवर मात्र चंद्र अजूनही सूर्याच्या शेजारीच छापला जातो.