राजहंस पाळायचाय? आधी पाण्याची सोय बघा

हौसेने आणलेल्या राजहंसाला आपण मोठं बदक समजतो, चूक इथेच होते. हा पक्षी मुळात गवत चरणारा. नुसत्या पाव-भातावर वाढवलं तर पिल्लांचे पंख वाकडे होतात. तळं नसलं तरी चालेल, पण डोकं बुडेल एवढं खोल भांडं रोज ताज्या पाण्याने भरायलाच हवं. नाक-डोळे तो त्यातच धुतो. नांदेड-लातूरचा मे महिना म्हणजे पारा ४० च्या वर, त्यामुळे दाट सावली हवीच. एकटा ठेवू नका, जोडी तरी असू द्या.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला बर्ड फ्लूने कावळे मेले होते. म्हणून दाणापाणी झाकलेल्या जागी ठेवा. पक्षी अचानक मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

राजहंस २० वर्षंही जगतो. तेवढी जबाबदारी पेलणार नसेल तर मुक्या जिवाला घरी आणूच नये, असं आम्हाला वाटतं.