पहाटे दोनची लेखिका

पहाटेचे दोन वाजलेत. लॉस एंजेलिस शहर झोपलेलं आहे आणि विशीतली एक मुलगी टाइपराइटरसमोर येऊन बसली आहे. उजाडलं की तिला कामावर पळायचंय. काम कसलं, तर त्या आठवड्यात मिळेल ते. कधी भांडी घासायची, कधी फोनवरून लोकांना माल विकायचा, कधी कारखान्यात बटाट्याचे वेफर्स तपासत उभं राहायचं. आईचं म्हणणं असं की, पोरीनं सेक्रेटरीची नोकरी धरावी, महिन्याच्या महिन्याला पगार येईल. पण मुलगी मुद्दामच डोकं न खाणारी कामं निवडते. डोकं तिला पहाटेसाठी राखून ठेवायचंय.

ही मुलगी म्हणजे ऑक्टेव्हिया बटलर. पुढे विज्ञानकथेतले ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही मानाचे पुरस्कार तिला मिळाले. विज्ञानकथा लिहिणारा माणूस म्हटलं की आपल्याला वाटतं, त्याचं सगळं आयुष्य दुर्बिणीजवळ किंवा प्रयोगशाळेत जात असेल. बटलरचं आयुष्य गेलं सिटी बसमध्ये, सार्वजनिक वाचनालयात आणि रोजंदारीच्या कामावर. तिच्या कथांमधली परकी जगं तिथूनच आली.

तिचा जन्म 22 जून 1947 चा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना गावचा. वडील बूटपॉलिश करायचे. ती लहान असतानाच ते गेले. आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करायची. त्या घरांत तिनं मागच्या दारानं जायचं, असा रिवाज होता. आईचं स्वतःचं शिक्षण लहानपणीच सुटलेलं, पण मालकांनी टाकून दिलेली पुस्तकं ती घरी घेऊन यायची. पानं फाटलेली असोत की कोणी रेघोट्या मारलेल्या असोत, मुलीला सगळी चालायची. दहाव्या वर्षी या मुलीनं टाइपराइटरचा हट्ट धरला आणि आईनं तो पुरवला. बाराव्या वर्षी टीव्हीवर मंगळावरून आलेल्या बाईचा एक सुमार सिनेमा पाहताना तिला वाटलं, यापेक्षा बरी गोष्ट मी लिहीन. त्या दिवसापासून ती विज्ञानकथा लिहायला लागली. काळ्या माणसांना लेखक होता येत नाही, असं तिच्या मावशीनं तिला समजावलं होतं. मावशीच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. तोवर तिनं पाहिलेल्या जगाचा अनुभवच तसा होता.

1970 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या क्लॅरियन इथं विज्ञानकथा लेखकांची सहा आठवड्यांची कार्यशाळा होती. बटलर तिथं गेली आणि तिच्या पहिल्या दोन कथा विकल्या गेल्या. आता गाडी रुळावर आली, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्यानंतर पाच वर्षं तिची एकही ओळ विकली गेली नाही. पाठवलेलं सगळं ‘साभार परत’ येत राहिलं. आपल्याकडे दिवाळी अंकांना कथा पाठवणाऱ्यांना हे दोन शब्द चांगलेच ठाऊक आहेत. त्या पाच वर्षांतही पहाटेचं उठणं चालूच राहिलं. 1976 मध्ये ‘पॅटर्नमास्टर’ ही पहिली कादंबरी आली. 1979 च्या ‘किंड्रेड’ या कादंबरीतली नायिकाही मजूर पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत हलकीसलकी कामं करते आणि उरलेल्या वेळात लिहिते. ही माहिती जमवायला लेखिकेला कुठंही जावं लागलं नव्हतं.

डिस्लेक्सियामुळे बटलर कधीच गाडी चालवायला शिकली नाही. लॉस एंजेलिससारख्या गाड्यांच्या शहरात ती वर्षानुवर्षं बसनं फिरली, नाहीतर पायी. सोबत वही असायचीच. तिच्या मृत्यूनंतर या वह्या आणि कागदपत्रं पॅसाडेनाला लागूनच असलेल्या सॅन मरिनो गावातल्या हंटिंग्टन लायब्ररीकडे आली. खोक्यांची संख्याच तीनशेच्या वर आहे. कथेचे आराखडे, खरेदीच्या याद्या, शिल्लक पैशांचे हिशेब आणि स्वतःला दिलेले दम, सगळं त्यात एकत्र नांदतं. विज्ञानकथाकाराचा संसार जवळून पाहायचा असेल, तर तो या पानांवर आहे.

रोजच्या जगण्यातून कथा कशी उगवते, ते ‘स्पीच साउंड्स’ या कथेत नीट दिसतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बटलरच्या एका मैत्रिणीला कॅन्सर झाला होता आणि ती त्यातून वाचणार नव्हती. बटलर दर शनिवारी तिला भेटायला जायची, हातातल्या कादंबरीचं नवं प्रकरण घेऊन. अशाच एका शनिवारी खच्चून भरलेल्या बसमध्ये मारामारी झाली. कारण एवढंच की, एकानं दुसऱ्याकडे रोखून पाहिलं. रक्त निघालं. आधीच खचलेली बटलर आपल्या जागी बसून राहिली आणि तिच्या मनात आलं, माणसाची जात मुठी न वळता बोलायला कधी शिकणार आहे का?

कथा बसमधल्या मारामारीनंच सुरू होते, फक्त जग बदललेलं असतं. एका रोगानं माणसांची भाषा हिरावून नेली आहे. कुणाची वाचा गेली, कुणाचं लिहिणं-वाचणं. माणसं हातवारे करून बोलतात आणि हातवाऱ्यांचा अर्थ चुकला की एकमेकांच्या अंगावर जातात. नायिका राय हिला बोलता येतं, पण एकेकाळी इतिहास शिकवणाऱ्या आणि लिहिणाऱ्या या बाईला आता एक अक्षरही वाचता येत नाही. अचानक तिला एक माणूस भेटतो. त्याला बोलता येत नाही, पण वाचता येतं. हे कळताच तिच्या मनात त्याच्याविषयी असा मत्सर उसळतो की, त्याला मारून टाकावंसं वाटतं. या कथेत अंतराळयान नाही की यंत्रमानव नाही. ओळखीच्या जगातला एकच खिळा लेखिकेनं काढून घेतला आणि मग काय काय ढासळतं, ते प्रामाणिकपणे पाहिलं. उत्तम विज्ञानकथेचं तंत्र हेच. 1984 मध्ये या कथेला ह्यूगो मिळाला.

‘ब्लडचाइल्ड’ ही कथा भीतीतून आली. पेरू देशातल्या जंगलात जायचं ठरलं होतं आणि तिथल्या एका माशीची बटलरनं धास्ती घेतली होती. तिची अळी माणसाच्या कातडीखाली वाढते. एखादी गोष्ट मनाला पोखरायला लागली की त्यावर लिहायचं, ही बटलरची रीत. तिनं एक परका ग्रह कल्पिला. तिथं आश्रयाला आलेल्या माणसांच्या शरीरात, पुरुषांच्यासुद्धा, परग्रहवासी आपली अंडी वाढवतात. भीतीची गोष्ट लिहिता लिहिता ती प्रेमाची आणि पुरुषाच्या गर्भारपणाची गोष्ट झाली. तिला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही मिळाले.

लघुकथा आपल्याला जड जाते, हे बटलरनं कधी लपवलं नाही. तिच्या कल्पना कादंबरीएवढी जागा मागायच्या. 1995 च्या तिच्या कथासंग्रहात जेमतेम पाच कथा आणि दोन निबंध होते. नव्या लेखकांसाठी लिहिलेल्या निबंधात ती सांगते की प्रेरणेची वाट पाहू नका, सवय लावून घ्या. प्रेरणा आली नाही तरी सवय तुम्हाला टेबलाशी आणून बसवते. पहाटे दोनला उठणाऱ्या बाईचा हा सल्ला मला कुठल्याही साहित्यचर्चेपेक्षा मोलाचा वाटतो.

1988 च्या सुमारास वहीत तिनं लिहून ठेवलं होतं की माझी पुस्तकं खूप खपतील, आईला आणि मला उत्तम औषधोपचार मिळतील आणि गरीब काळ्या मुलांना मी क्लॅरियनच्या कार्यशाळेला पाठवीन. 1995 मध्ये तिला 2,95,000 डॉलरची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. 24 फेब्रुवारी 2006 ला, अवघ्या 58 व्या वर्षी, ती गेली. पुढच्याच वर्षी तिच्या नावाची शिष्यवृत्ती क्लॅरियनला विद्यार्थी पाठवायला लागली. 1993 ची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ ही कादंबरी 2020 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आली. आणि 2021 मध्ये ‘पर्सिव्हरन्स’ ही बग्गी मंगळावर जिथं उतरली, त्या जागेला नासानं ऑक्टेव्हिया बटलरचं नाव दिलं. मंगळावरच्या बाईचा सिनेमा पाहून लिहायला लागलेल्या मुलीचं नाव आज मंगळावर आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एक मोलकरीण आहे, टाकून दिलेली पुस्तकं पदरात घालून घरी आणणारी. तुमच्या घरात एखादं पोर वहीत काहीबाही खरडत बसलेलं दिसलं, तर त्याला ‘अभ्यास झाला का’ एवढंच विचारून थांबू नका. आज टाइपराइटर घ्यावा लागत नाही. रोज तासभर शांतता आणि रद्दीत निघालेल्या गठ्ठ्यातून वाचवलेली चार पुस्तकं, एवढं त्याला नक्की द्या.