एफसी गोवाचा सगळ्यात भारी कोच कोण? दुकानावर माणूस ठेवण्याआधी हे वाचा



चंद्रपूर असो की गडचिरोली, ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "सर, दुकानावर माणूस ठेवलाय. तो चांगला आहे की नाही, ओळखायचं कसं?" मी उलट विचारतो, "तुम्ही कशावरून ओळखता?" उत्तर ठरलेलं असतं: गल्ला. गल्ला वाढला तर माणूस चांगला, घटला तर वाईट.

हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. का, ते आज फुटबॉलवरून समजून घेऊ. फुटबॉल यासाठी की शेजारच्या दुकानाचा हिशोब आपल्याला दिसत नाही, पण क्लबचा प्रत्येक निकाल सगळ्यांसमोर असतो. क्लबमध्ये मालक पैसा लावतो आणि कोच संघ चालवतो. आपल्या भाषेत कोच म्हणजे मॅनेजर.

उदाहरण घेऊ एफसी गोवाचं. हा क्लब २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसोबत सुरू झाला. त्याच्या चार मोठ्या कोचना आपण नंबर देऊ. पण नुसत्या ट्रॉफ्या मोजणार नाही, तीन प्रश्न विचारू:

१. माणूस आला तेव्हा त्याच्या हातात काय होतं?
२. त्यानं काय करून दाखवलं?
३. तो गेल्यावर मागे काय राहिलं?

नंबर ४: झिको (२०१४ ते २०१६)

ब्राझीलचे महान खेळाडू. २००६ च्या वर्ल्डकपमध्ये जपानचे कोच होते. हातात काय होतं? काहीच नाही, क्लबच नवा. पहिल्याच वर्षी संघ सेमीफायनलला गेला. दुसऱ्या वर्षी, २०१५ मध्ये, गुणतक्त्यात पहिला आला आणि फायनल घरच्या मैदानावर, फातोर्ड्याला, चेन्नईयनकडून ३-२ ने हरला. तिसऱ्या वर्षी? आठ संघांत आठवा.

माणूस तोच, नाव तेच, तरी पहिल्या नंबरवरून शेवटच्या नंबरवर. तेव्हा ही लीग जेमतेम अडीच महिन्यांची असायची, आपल्याकडच्या तेंदूपत्त्याच्या हंगामासारखी. हंगाम संपला की माणसं पांगली, पुढच्या वर्षी बरेच खेळाडू नवे. झिकोंनी क्लबला नाव मिळवून दिलं, लोकांना मैदानावर आणलं. पण पुढच्याला हातात धरता येईल अशी घडी बसली नव्हती.

तुमच्यासाठी: एका हंगामावरून माणसाला डोक्यावर घेऊ नका, आणि एकाच हंगामावरून काढूनही टाकू नका.

नंबर ३: हुआन फेरांडो (२०२० ते २०२१)

हे आले त्याच वर्षी आधीचे कोच मुंबई सिटीला गेले. त्यांच्यामागोमाग मंदार राव देसाई, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि ह्युगो बुमू हे चार मोठे खेळाडूही मुंबईला. म्हणजे दुकान हातात आलं, पण अर्धे कारागीर समोरच्या दुकानात. तरी फेरांडोंनी संघ सेमीफायनलपर्यंत नेला आणि तिथे मुंबईकडूनच पेनल्टीवर हरला. २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात या संघानं तीन सामने बरोबरीत सोडवले. त्या पातळीवर गुण मिळवणारा हा पहिला भारतीय क्लब. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्युरंड कपही जिंकला.

मग डिसेंबर २०२१ मध्ये, हंगाम सुरू असताना, फेरांडो एटीके मोहन बागानला गेले. गोव्याची सुरुवात त्या हंगामात आधीच वाईट झाली होती. संघ शेवटी अकरांत नववा राहिला.

तुमच्यासाठी: गल्ला बघताना आधी हे बघा की माणसाच्या हातात तुम्ही काय दिलं होतं. रिकामी मांडणी देऊन विक्री मागणं हा अन्याय आहे.

नंबर २: मानोलो मार्केझ (२०२३ पासून)

आधी हैदराबादला २०२१-२२ ची लीग जिंकून दिली, मग गोव्यात आले. क्लब आदल्या हंगामात सातवा होता. मार्केझांनी तो तिसरा आणला, पुढच्या वर्षी दुसरा. २०२५ मध्ये दोन सुपर कप: मे महिन्यात जमशेदपूरला ३-० हरवून, डिसेंबरमध्ये ईस्ट बंगालला पेनल्टीवर. नुसत्या ट्रॉफ्या मोजल्या तर हेच पहिले.

पण एक गंमत बघा. २०२४ च्या जुलैपासून जवळपास वर्षभर ते भारतीय संघाचेही कोच होते. क्लबमध्ये कप मिळाला, आणि देशाच्या संघाला आठ सामन्यांत एकच विजय. माणूस तोच! दोन दुकानांची किल्ली एकाच्या हातात दिली की एक दुकान उपाशी राहू शकतं. मूलला राईस मिल आणि सिंदेवाहीला कृषी केंद्र एकाच वेळी काढायचा विचार असेल, तर हे आठवा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे इतक्यात मिळणार नाही. मागे काय उरलं, हे कळायला काही वर्षं जावी लागतात. म्हणून दुसरा नंबर.

नंबर १: सर्जिओ लोबेरा (२०१७ ते २०२०)

हातात काय मिळालं? शेवटच्या नंबरचा संघ. पहिल्या वर्षी सेमीफायनल. दुसऱ्या वर्षी फायनल, तिथे बंगळुरूकडून जादा वेळेत १-० ने हार. २०१९ च्या एप्रिलमध्ये सुपर कप, क्लबची पहिली मोठी ट्रॉफी. कोरो दोन हंगाम लागोपाठ लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल करणारा ठरला. गोलकीपरपासून पास देत पुढे जायचं, ही पद्धत संघाच्या अंगात भिनली.

आणि मग ३१ जानेवारी २०२० ला, लीगचे फक्त तीन सामने उरले असताना, क्लबनं लोबेरांना काढलं.

आता नीट ऐका. उरलेल्या तीन सामन्यांची जबाबदारी क्लिफर्ड मिरांडांवर आली. ते गोव्याचेच, क्लबचे जुने खेळाडू. हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, जमशेदपूरला ५-०. तिन्ही जिंकले! एफसी गोवा ३९ गुणांसह लीगमध्ये पहिला आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला.

यात मिरांडांचं श्रेय आहेच, कारण चालती गाडी न अडखळू देणं हेसुद्धा मोठं काम असतं. पण लोबेरांचा पहिला नंबर मी याच तीन सामन्यांवर देतो. ते मैदानात नव्हते, तरी त्यांची पद्धत चालली.

मात्र गोष्टीची दुसरी बाजूही आहे. लोबेरा मुंबईला गेले आणि पुढच्याच हंगामात लीगचं पहिलं स्थान आणि ट्रॉफी दोन्ही मुंबईला मिळालं. पद्धत गोव्यात राहिली, पण माणसांचा जीव कोचवर जडलेला होता, तो मुंबईला गेला. हे नुकसान मालकाच्या वाट्याला आलं.

आता आपल्याकडे या

समजा, तुम्ही मोहफूल खरेदी करता. कोणत्या गावाचं मोहफूल नीट वाळलेलं असतं, ओलं कोण मिसळतं, कोणाला आगाऊ दिलेत, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आहे. एप्रिलच्या मध्यात तो गेला तर? किंवा ताई, तुमच्या बचत गटाचं बांबूकाम आहे. ऑर्डर देणाऱ्या सगळ्यांचे नंबर एकीच्याच मोबाईलमध्ये. ती मलेरियानं पंधरा दिवस पडली तर? पर्लकोटेला पूर येऊन मालक भामरागडच्या पलीकडे अडकला तर अलीकडचं दुकान उघडेल का?

बहुतेक वेळा तो "एकच माणूस" म्हणजे तुम्ही स्वतः असता. म्हणून नोकराआधी स्वतःला नंबर द्या. या आठवड्यात चार गोष्टी करा:

- खरेदीचे आणि विक्रीचे भाव एका वहीत लिहा. डोक्यात ठेवू नका.
- माल देणारे, घेणारे आणि उधारी, तिघांची यादी दुकानात ठेवा. ती कोणा एकाच्या मोबाईलमध्ये अडकू देऊ नका.
- रोजच्या कामाचा क्रम एका कागदावर लिहून भिंतीला लावा.
- तुमचा "मिरांडा" कोण, ते ठरवा. घरचा असो की कामावरचा, त्याच्याकडे महिन्यातून एक दिवस पूर्ण दुकान सोपवा आणि तुम्ही तिकडे फिरकू नका. संध्याकाळी कुठे अडलं ते विचारा.

आणि मुख्य गिऱ्हाइकांना महिन्यातून एकदा तरी स्वतः भेटा. गिऱ्हाईक दुकानाचं राहिलं पाहिजे. ते नुसतं माणसाचं झालं, तर माणसासोबत समोरच्या दुकानात जातं.

जाता जाता गोव्याच्याच जुन्या क्लबचं सांगतो. डेम्पो स्पोर्ट्स क्लबला आर्मांदो कोलासो यांनी पाच वेळा राष्ट्रीय विजेता केलं: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. मधल्या वर्षांत ते हरलेही. तरी मालकानं कोच बदलला नाही. दर सहा महिन्यांनी माणूस बदलणाऱ्या मालकांनी या पाच सालांच्या मधली रिकामी सालं मोजून बघावीत.

तुम्ही पंधरा दिवस दुकानात गेला नाहीत तर काय काय बंद पडेल? आज रात्री गल्ला मोजून झाला की त्याच वहीत लिहून काढा. तुमचं काम तिथूनच सुरू होतं.

भेटू पुढच्या व्हिडिओत.