पगार सोडणारा पाद्री

पाद्री म्हटले की लांब झगा आणि परक्या वळणाचे मराठी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. रेव्हरंड नारायण वामन टिळक या चित्रात मुळीच बसत नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ साली ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या व पुढे स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. आपल्या गुजरातेत ज्यास 'छप्पनियो' म्हणतात, त्या १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली मुले टिळकांनी घरी आणली. त्यांना जेवू घालण्याचा भार अर्थातच लक्ष्मीबाईंवर पडला!

अहमदनगरच्या मिशनमध्ये काम करताना टिळकांना विलायती चालींची उपासना रुचेना. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते मानीत. म्हणून त्यांनी अभंग रचले, ख्रिस्तचरित्रावर कीर्तने केली. घरी कोकणी बोलणाऱ्या मला याचे मर्म चटकन उमगते. देवाशी परक्या सुरात बोलताना जीभ अडखळतेच.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही स्थान होते. पगारी उपदेशकाच्या शब्दाला लोक कितीसे मोल देणार? परंतु संसार चालवायचा कसा, हा प्रश्नही लहान नव्हता. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, टिळक मुंबईस निवर्तले. दरबार फार काळ टिकला नाही. त्यांची भजने मात्र मराठी चर्चमध्ये आजही गायिली जातात.